वाचक विचारतात : गंमत व्हावी, डोक्याला ताप नको

सुट्टीच्या अंकासाठी प्रश्न मागवले, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकाच वळणाची निघाली. हसायला म्हणून जमलो आणि कुणी रुसलं, कुणी दमलं, कुठे यंत्रानं दगा दिला. थकलेल्या डोक्याला हलकं करायला सिनेमा, गाणी, जुन्या जाहिराती आणि फुकाचे वाद यांच्याइतका स्वस्त उपाय नाही. अडतं ते बारीकसारीक मांडणीत, म्हणून उत्तरंही मांडणीचीच दिली आहेत.

प्रश्न : सुट्टीत घरी पंधरा माणसं जमतात, वय नऊपासून पंचाहत्तरपर्यंत. सिनेमा-गाण्यांवर प्रश्नमंजुषा घेतली की दोघंच सगळी उत्तरं देतात आणि बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालतात. काय चुकतं?

ओरडून उत्तर देण्याची पद्धत चुकते. ज्याला पटकन आठवतं तोच खेळतो, उरलेल्यांना विचार करायला वेळच मिळत नाही. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि गटानं खेळा. गट तीन-चार जणांचा असावा. पाच झाले की एक जण आपोआप प्रेक्षक होतो. पंधरा जणांत तुम्ही प्रश्न विचारणारे असाल तर उरले चौदा, म्हणजे चार गट. सगळ्यांना वयाप्रमाणे ओळीत उभं करा आणि एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार असं मोजा. एका आकड्याचे सगळे एका गटात. आजोबा आणि नात एका गटात आले की निम्मी लढाई जिंकली. ते दोन हुशार एकाच गटात गेले असतील तर मात्र गुपचूप अदलाबदल करा.

पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत आठ प्रश्न. प्रश्न दोनदा वाचायचा, लिहायला तीस सेकंद, फेरी संपली की गटांनी कागद बदलून तपासायचे आणि उत्तरं तिथल्या तिथे सांगायची. असं केलं तर सगळा खेळ पाऊण तास ते तासाभरात आटोपतो, आणि तो आटोपायलाच हवा. उत्तरं शेवटपर्यंत राखून ठेवू नका. चाळीस प्रश्नांनंतर तिसरा प्रश्न काय होता हे कुणालाच आठवत नाही आणि वादातली मजा जाते.

फेऱ्या वेगवेगळ्या पिढ्यांना वाटून द्या. एक १९७०च्या आधीच्या गाण्यांची, एक कार्टूनची, एक जाहिराती आणि मालिकांच्या शीर्षकगीतांची, एक चित्रांची (नटनट्यांचे फक्त डोळे कापून दाखवा), आणि एक ऐकण्याची, ज्यात गाण्याच्या सुरुवातीचे दहा सेकंद वाजवायचे, शब्द येण्याआधी थांबायचं. प्रत्येक फेरीत दोन सोपे, चार मध्यम आणि दोन कठीण प्रश्न. सर्वसाधारण गटाला आठपैकी पाच-सहा उत्तरं यायला हवीत. चारही गटांना जे आलं नाही ते प्रश्न काढणाऱ्याचं अपयश समजावं. उत्तर ऐकल्यावर सगळे कपाळावर हात मारून ‘अरे हो की!’ म्हणतात तो प्रश्न खरा.

‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘एकूण किती’ या शब्दांपासून सावध राहा. ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ असं विचारलंत तर बहुतेक जण ‘राजा हरिश्चंद्र’ लिहितील आणि एखादा जाणकार दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लिहून भांडायला उठेल. ‘पुंडलिक’ १९१२चा, ‘हरिश्चंद्र’ १९१३चा. पण ‘पुंडलिक’ म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण, म्हणून अनेक जण त्याला कथापट धरत नाहीत. वाद रंगतदार आहे. गुण देण्याच्या मात्र कामाचा नाही. त्याऐवजी ‘फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र कोणत्या वर्षी प्रदर्शित झाला?’ असं विचारा, एकच उत्तर येतं.

बरोबरी सुटावी म्हणून एक आकड्याचा प्रश्न खिशात ठेवा, ज्याचं उत्तर नेमकं कुणालाच येणार नाही. जवळचा आकडा जिंकेल. ‘लगान किती मिनिटांचा आहे?’ हा चांगला नमुना. २२४ मिनिटं. शिवाय प्रत्येक गटाला सुरुवातीलाच एक फेरी निवडू द्या, तिचे गुण दुप्पट. मागे पडलेला गट त्या आशेवर शेवटपर्यंत जागा राहतो.

प्रश्न : डंब शराड्स खेळताना आमच्या वडीलधाऱ्यांना नवे सिनेमे माहीत नसतात, मुलांना जुने. खेळ दहा मिनिटांत बारगळतो.

मग एकाच चिठ्ठ्यांवर तीन फेऱ्या खेळा. पिढ्यांमधलं अंतर मिटवणारा याहून चांगला खेळ आमच्या पाहण्यात नाही.

बारा जण असतील तर प्रत्येकानं चार चिठ्ठ्या लिहायच्या : सिनेमा, पात्र, गाजलेला संवाद, गाण्याचा मुखडा, जाहिरातीतलं वाक्य, काहीही. अट एकच, खोलीतल्या निम्म्या लोकांना तरी ते ऐकून माहीत असावं. अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या एका भांड्यात. दोन गट. एका जणाची पाळी साठ सेकंदांची. तेवढ्यात आपल्या गटाकडून जितक्या चिठ्ठ्या ओळखून घेता येतील तितक्या घ्यायच्या, मग भांडं दुसऱ्या गटाकडे. भांडं रिकामं झालं की फेरी संपली. चिठ्ठ्या मोजा, गुण लिहा, त्याच चिठ्ठ्या पुन्हा भांड्यात टाका.

पहिल्या फेरीत हवं तितकं बोलून समजवायचं, फक्त चिठ्ठीवरचा शब्द उच्चारायचा नाही. दुसऱ्या फेरीत एकच शब्द बोलायचा. तिसऱ्या फेरीत तोंड बंद, फक्त अभिनय. पहिल्या फेरीत सगळ्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या कानांवरून गेलेल्या असतात. त्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत आजीला सुपरहिरोचं नाव पाठ झालेलं असतं आणि नातवाला कृष्णधवल जमान्यातला खलनायक. शिवाय पहिल्या फेरीत कुणी केलेली चूक तिसऱ्या फेरीत खूण म्हणून वापरली जाते, आणि खरं हसू तिथेच फुटतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. अक्षर वाचता येत नाही म्हणून दहा सेकंद वाया जातात, तेव्हा ठळक लिहायला सांगा. वेळ संपल्यावर हातातली अर्धवट चिठ्ठी भांड्यात परत जाते, ती मोजायची नाही. ‘पास’ फक्त पहिल्या फेरीत आणि पाळीला एकदाच. नाहीतर सगळे सोप्या चिठ्ठ्या वेचतात. ओठ हलवणं आणि खोलीतल्या वस्तूकडे बोट दाखवणं चालेल की नाही, हे आधी ठरवा. खेळ सुरू झाल्यावर ठरवलेला नियम दुसऱ्या गटाला नेहमीच अन्याय वाटतो.

प्रश्न : आम्ही चिठ्ठ्या काढून एकमेकांना गुप्त भेटी देतो. दर वेळी कुणाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हे आमचंच नशीब आहे का?

नशीब नाही, गणित आहे. नावं भांड्यात टाकून प्रत्येकानं एकेक उचलली, तर कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते. म्हणजे तीनपैकी जवळपास दोन वेळा डाव फसतोच. गंमत अशी की माणसं सहा असोत वा साठ, हा आकडा फारसा हलत नाही.

त्यापेक्षा असं करा. दहा जण असतील तर एकाच आकाराच्या दहा जाड चिठ्ठ्या घ्या. पातळ कागदातून पाठीमागून आकडे दिसतात. पहिल्या चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्या भागात ‘मी : १’ आणि खालच्या अर्ध्या भागात ‘भेट द्यायची : १’ असं लिहा. दुसरीवर दोन्हीकडे २, अशा दहापर्यंत. सगळ्या पालथ्या करा, नीट पिसा आणि पालथ्याच एका ओळीत मांडा. सगळ्यांची वरची कड एकाच दिशेला हवी. आता प्रत्येक चिठ्ठी मधोमध आडवी कापा. एकाखाली एक अशा दोन ओळी होतील. खालची अख्खी ओळ एक घर उजवीकडे सरकवा. शेवटचा तुकडा बाहेर पडेल, तो पहिल्या रिकाम्या जागेत आणून ठेवा. वरचा तुकडा आणि त्याच्याखाली आलेला नवा तुकडा टाचणीनं जोडा, तेही न वाचता. जोड्या पुन्हा पिसा आणि वाटा.

प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आणि ज्याला भेट द्यायची त्याचा क्रमांक कळतो. मग भिंतीवर एक ते दहा आकड्यांचा कागद लावा. ज्यानं-त्यानं आपल्या आकड्यापुढे नाव लिहायचं. स्वतःचं नाव येणं अशक्य, आणि कुणी कुणाला काय देणार हे मांडणाऱ्यालाही कळत नाही. जोड्या शेवटी पुन्हा पिसण्याचा टप्पा गाळू नका. ओळीनं वाटल्या तर शेजारी बसलेल्याला सगळा साखळीक्रम उलगडतो.

नवरा-बायकोनं एकमेकांना देऊ नये अशी अट असेल तर मात्र ही युक्ती पुरत नाही. तेव्हा खेळात नसलेल्या एका भरवशाच्या माणसानं सगळी नावं वर्तुळात मांडावीत, जोडपी शेजारी येऊ न देता, आणि प्रत्येकाला पुढचं नाव कानात सांगावं. खर्चाची मर्यादा वरची आणि खालची, दोन्ही ठरवा. खालची नसली की एकाला आठवडाभर विचार करून घेतलेली वस्तू मिळते आणि दुसऱ्याला घरातलं पेन.

प्रश्न : ब्लूटूथ स्पीकरवर कॅराओके केलं. आवाज मागाहून येतो, मधेच शिट्टी वाजते, आणि वरचे सूर लागत नाहीत. पार्टी फसली.

तीन वेगळे रोग आहेत.

मागाहून येणारा आवाज ब्लूटूथमुळे. माइकचा आवाज फोनमध्ये जाऊन तिथून ब्लूटूथनं स्पीकरला गेला तर साधारण एक दशांश ते तीन दशांश सेकंद उशीर होतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन दशांश सेकंदांचा उशीर हा सत्तर मीटरवरच्या भोंग्यातून स्वतःला ऐकण्यासारखा. चांगला गाणाराही त्यात अडखळतो. उपाय दोन : फोन ते स्पीकर वायर लावा, किंवा माइक थेट स्पीकरला जोडा आणि फक्त संगीत ब्लूटूथनं सोडा. दुसऱ्या प्रकारात गाणारा जे ऐकतो त्यावरच गात असल्यानं ताल सुटत नाही. पडद्यावरचे शब्द किंचित पुढे पळू शकतात, तेवढं चालतं.

शिट्टी वाजते कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र थांबत नाही. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. माइक स्पीकरच्या मागे राहायला हवा. माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर धरा आणि मग आवाज कमी करा. माइक लांब धरून आवाज वाढवणं हेच शिट्टीचं मूळ. माइकची जाळी मुठीत पकडायची नाही. तसं धरल्यावर तो सगळ्या दिशांचा आवाज घेऊ लागतो. गायकांना तसं धरताना पाहिलं असेल. त्यांच्या मागे आवाज सांभाळणारा माणूस असतो, तुमच्या दिवाणखान्यात तो नाही. ‘एको’ची कळ जराशीच फिरवा. जास्त एकोनं बेसूर झाकलं जात नाही, ते फक्त दोनदा ऐकू येतं.

राहिले वरचे सूर. बहुतेक कॅराओके ॲपमध्ये पट्टी वर-खाली करायची सोय असते. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळीनं मोजल्या तर एक पट्टी म्हणजे तिथला एक आकडा. गाणं सुरू करण्याआधी अंतऱ्यातली सर्वात उंच ओळ गुणगुणून पाहा, मुखडा नव्हे. मुखडा सगळ्यांनाच जमतो, फजिती अंतऱ्यात होते. ओळ ताणावी लागली तर दोन किंवा तीन आकडे उतरवा. पाचाच्या पलीकडे गेलात की वाद्यं विचित्र वाटू लागतात. त्यापेक्षा गाणं बदला.

क्रमही लावून ठेवा. सुरुवात सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्यानं, एकट्याला पहिला पुढे ढकलू नका. लांबलचक मधलं संगीत असलेली गाणी टाळा, त्या वेळात गाणाऱ्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. एक मुखडा, दोन अंतरे, बास. आणि गुण देणारं ॲप असेल तर ते बंद करा.

प्रश्न : सुट्टीतले गोडगोड प्रेमपट सगळे सारखेच असतात, तरी घरात तेच लागतात. माझ्यासारख्यानं काय करावं?

सारखेपणाचाच खेळ करा. पाच गुणिले पाच चौकटींचा तक्ता आखा. मधली चौकट फुकट, उरल्या चोवीस. त्यात ठरलेले प्रसंग लिहा : शहरातली कामात बुडालेली नायिका गावी परतते, पहिल्या भेटीत टक्कर होऊन कागद पडतात, कुत्रा योग्य वेळी पळून जातो, चुंबनाच्या क्षणी फोन वाजतो, गैरसमज एका वाक्यात मिटला असता पण कुणी ते वाक्य बोलत नाही, शेवटच्या मिनिटाला बर्फ पडतो. प्रसंग दिसला की फुली. आडवी, उभी किंवा तिरकी ओळ पुरी झाली की जिंकलात.

तक्ता भरताना प्रमाण सांभाळा. हमखास घडणारे आठ, घडण्याची बरी शक्यता असलेले दहा, दुर्मीळ सहा. सगळेच हमखास घातले तर वीस मिनिटांत निकाल लागतो आणि उरलेला सिनेमा पुन्हा तुमच्या माथी. प्रत्येकाचा तक्ता वेगळा हवा, म्हणून आधी चाळीसेक प्रसंगांची यादी करा आणि ज्यानं-त्यानं तीतून निवडून हव्या त्या चौकटीत लिहावेत. ‘हा बर्फ धरायचा की कापूस?’ असे वाद बहुमतानं सोडवा, सिनेमा न थांबवता. खरं तर कापूसच असतो.

प्रश्न : डिसेंबरात मुलं ‘व्हॅमागेडन’मध्ये बाद झालो असं म्हणतात. हे काय आहे?

व्हॅम! या जोडीचं १९८४चं ‘लास्ट ख्रिसमस’ हे गाणं १ डिसेंबरपासून २४ डिसेंबर संपेपर्यंत कानावर पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. मूळ ध्वनिमुद्रण ऐकून ओळखलं की बाद. दुसऱ्या कुणी गायलेलं किंवा रीमिक्स चालतं. बाद झाल्यावर मित्रांना कळवायचं, पुढे काही नाही. मुद्दाम कुणाला गाणं पाठवून बाद करणं रडीचा डाव समजला जातो. तुमच्या घरी त्या दिवसांत दुसरंच एखादं गाणं छळत असेल तर ते धरा. अट एवढीच, ते दुकानात, रिक्षात, शेजारी कुठेही वाजण्याची खरोखर भीती हवी.

प्रश्न : भाड्यानं प्रोजेक्टर आणून गच्चीवर सिनेमा लावायचा आहे. मागच्या वेळी चित्र फिकट आणि तिरकं आलं.

आधी अंतराचा हिशेब. प्रोजेक्टरच्या माहितीत ‘थ्रो रेशो’ असा आकडा दिलेला असतो. त्याला चित्राच्या रुंदीनं गुणलं की प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते मिळतं. आकडा १.२ आणि चित्र दोन मीटर रुंद हवं, तर अंतर २.४ मीटर. दोन मीटर रुंद चित्राची उंची साधारण १.१ मीटर होते, म्हणजे कर्णावर नव्वद इंच. दहा-बारा जणांना ते भरपूर. हौसेनं चित्र दुप्पट रुंद केलं तर तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि उजेड एक चतुर्थांश उरतो. फिकटपणाचं कारण बहुधा हेच. दुसरं कारण घाई. सूर्य मावळल्यावरही आकाशात उजेड असतो, तेव्हा निदान पाऊण तास थांबा आणि गच्चीवरचा दिवा बंद करा.

तिरकेपणा ‘कीस्टोन’च्या कळीनं सरळ करता येतो, पण तसं करताना चित्राचा काही भाग कापला जातो आणि अक्षरं धूसर होतात. प्रोजेक्टरच पडद्याच्या मध्यासमोर काटकोनात आणा, खाली पुस्तकं लावा, कळ शेवटी वापरा. एकेरी चादर पडदा म्हणून वाईट. बराच प्रकाश आरपार जातो. चादर दुहेरी करा, मागे गडद कापड लावा आणि चारी बाजूंनी ताणून बांधा, नाहीतर वाऱ्यावर नायकाचं नाक हलतं. स्पीकर पडद्यापाशी ठेवा. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरचा आवाज मागून येतो आणि पंख्याच्या घरघरीत विरतो. चाचणी आदल्या रात्री, त्याच वायरनं, त्याच फाइलनं.

सिनेमा निवडण्यात तास जाऊ नये म्हणून प्रत्येकानं एक नाव सुचवावं, प्रत्येकाला एक नाव बाद करायचा अधिकार, उरलेल्यांतून चिठ्ठी. दोन तासांच्या आतला आणि निम्म्या लोकांनी आधी पाहिलेला विनोदी सिनेमा गच्चीवर उत्तम चालतो. मधे गप्पा झाल्या तरी कुणाचं काही चुकत नाही.

प्रश्न : घरात एकाला गोंगाट सहन होत नाही, पण त्याला एकटं पडलेलंही आवडत नाही.

जिगसॉ कोडं मांडा, कोपऱ्यातल्या टेबलावर, चांगल्या पांढऱ्या उजेडात. पिवळ्या दिव्यात निळा आणि करडा रंग ओळखू येत नाहीत. हजार तुकड्यांचं कोडं पूर्ण झाल्यावर साधारण ६८ बाय ४८ सेंटिमीटर होतं, पण सुटे तुकडे पसरायला त्याच्या दुप्पट जागा लागते. एकट्याला आठ-दहा तास सहज जातात, म्हणून दोन दिवस हलवावं लागणार नाही अशी जागा निवडा किंवा जाड पुठ्ठ्यावर मांडा. पाचशे तुकड्यांचं एका संध्याकाळीही होतं.

चित्र निवडताना जुन्या सिनेमांच्या पोस्टरांचं किंवा गर्दीच्या व्यंगचित्राचं घ्या. अक्षरं आणि चेहरे असले की येणारा-जाणारा दोन तुकडे लावून जातो. आकाश आणि समुद्र असलेलं चित्र दिसायला शांत, जुळवायला वैताग. आधी कडांचे तुकडे वेगळे काढा. हजारच्या कोड्याच्या ३८ बाय २७च्या नेहमीच्या मांडणीत प्रत्यक्षात १,०२६ तुकडे असतात, त्यातले कडेचे १२६. मग उरलेले रंगानुसार ताटल्यांत. बसत नसलेला तुकडा अंगठ्यानं दाबून बसवणारा माणूस प्रत्येक घरात असतो; त्याला कडांच्या कामाला लावा.

गोंगाटाच्या खेळांतही अशा माणसासाठी कामं असतात : गुण लिहिणं, घड्याळ धरणं, गाणी लावणं. मात्र ‘तू खेळत का नाहीस?’ हे एकदाच विचारावं.

प्रश्न : सगळ्यांची करमणूक मीच करते. सुट्टी संपते तेव्हा सगळे ताजेतवाने आणि मी आडवी. यावर काही खेळ आहे का?

खेळ नाही, वाटणी आहे. दिवसाला ठरवून एकच गोष्ट, तीही दोन तासांची, आणि संपायची वेळ सुरुवातीलाच जाहीर. रंगात आलेला खेळ थांबवला तर उद्या पुन्हा मागणी होते. ताणला तर उद्या कुणी येत नाही. प्रत्येक खेळाचा सूत्रधार वेगळा. प्रश्न काढण्याचं काम दोन मुलांना चार दिवस आधी द्या, ती तुमच्यापेक्षा खवट प्रश्न काढतील. आवरण्याचं काम हरलेल्या गटाला न देता जिंकलेल्याला द्या, हरणं सुसह्य होतं.

स्वतःसाठी वेगळा तास राखा आणि त्यात नवं काही पाहायला घेऊ नका. दहा वेळा पाहिलेली विनोदी मालिका थकलेल्या डोक्याला अधिक मानवते, कारण पुढे काय होणार याची काळजी नसते आणि निवडही करावी लागत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. ते चालू असेल तर तासाचे तीन तास होतात आणि झोप जाते. सुट्टीची छायाचित्रं टाकायचीच तर दिवसाच्या शेवटी एकदा. खेळ चालू असताना फोटो काढणारा माणूस खेळाबाहेर असतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मात्र खेळांवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावं.

प्रश्न : ‘डाय हार्ड’ हा मारधाडपट नाताळचा सिनेमा आहे की नाही? घरात दोन तट पडलेत. निकाल द्या.

निकाल देत नाही, पुरावे देतो. कथा नाताळच्या आदल्या संध्याकाळी घडते, कचेरीतल्या नाताळच्या पार्टीत. पण अमेरिकेत सिनेमा प्रदर्शित झाला जुलै १९८८मध्ये, ऐन उन्हाळ्यात. सहलेखक स्टीव्हन डिसूझा ‘आहे’ म्हणाले आहेत. नायक ब्रूस विलिस २०१८मध्ये एका कार्यक्रमात ‘नाही’ म्हणाला. दोन्ही तटांना दोन-दोन मिनिटं द्या, आवाज चढवायला परवानगी, मधे बोलायला बंदी. मतदान गुप्त घ्या आणि त्याआधी प्रत्येकानं विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मोठ्यानं मान्य करावा, अशी अट घाला. मतं समसमान पडली तर सिनेमा पुन्हा पाहावा लागेल.